गॅस्ट्रिक बँड असलेल्या रुग्णाला रात्री ठसका आणि उलटी: आधी बँड तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठी बहीण, वय 52. यजमानांच्या नोकरीमुळे मेलबर्नला असताना 2009 साली तिथे लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती सलाईन भरून घट्ट-सैल करता येणारा पट्टा, बसवला. वजन 112 किलोंवरून 81 वर आलं. 2016 मध्ये कुटुंब नाशिकला परतलं, तेव्हापासून बँड कोणी तपासलेला नाही आणि वजन हळूहळू 94 पर्यंत चढलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या दोन महिन्यांपासून भाकरी, पोळी, भात काहीच खाली उतरत नाही. आंबट पाणी तोंडात येतं, रात्री ठसका लागून जाग येते, चार-पाच दिवसांपासून तर पेजसुद्धा उलटून पडते. घरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध दिलं, अशक्तपणा आला म्हणून सलाईनही लावलं. धाकट्या भावाने विचारलं आहे: हे बँडमुळे होतंय का? बँड काढावा लागेल का? काढला तर वजन परत वाढेल का? त्याऐवजी दुसरं ऑपरेशन करता येईल का?

सगळ्यात आधी, उद्या काय करायचं ते सांगतो. ताईंना बॅरिॲट्रिक सर्जनकडे, म्हणजे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडे न्या आणि बँड पूर्ण रिकामा करून घ्या. एंडोस्कोपीची तारीख पुढच्या आठवड्यात मिळतेय म्हणून तोवर थांबू नका. बँड असलेल्या माणसाला रात्री ठसका आणि उलट्या सुरू झाल्या, की तपासून बँड नीट आहे असं दिसेपर्यंत दोष बँडचाच धरायचा, हा आमच्या कामातला नियम आहे. ॲसिडिटीच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होईल, पण वाट अडलेलीच राहील आणि जे अडून बसलंय ते रात्री आडवं झाल्यावर घशात येतच राहील.

उद्यापर्यंतही थांबायचं नाही अशी लक्षणं वेगळी. पोटाच्या वरच्या भागात जोराचं, न थांबणारं दुखणं, नाडी जलद होणं, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, स्वतःची लाळही गिळता न येणं, दिवसभर लघवी न होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला, रात्र असो की पहाट, जिथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणारे सर्जन चोवीस तास असतात अशा मोठ्या रुग्णालयात जा. दुखणं छातीत असेल तर ताईंचं वय आणि मधुमेह लक्षात घेऊन ईसीजी आधी काढायला लावा. बँड आहे म्हणून हृदयाकडे दुर्लक्ष व्हायला नको.

आता सलाईनबद्दल. तुमच्या प्रश्नात हे एका ओळीत आलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. आपल्याकडे उलट्या झाल्या, अंगात त्राण नाही, की जवळच्या दवाखान्यात जाऊन एक बाटली लावून घेतात, आणि त्या बाटलीत बहुतेक वेळा ग्लुकोज असतं. ज्या माणसाच्या पोटात कित्येक आठवडे धड अन्न टिकलेलं नाही, त्याच्या शरीरातला व्हिटॅमिन बी-1चा, म्हणजे थायामिनचा साठा संपत आलेला असतो. हा साठा मुळात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. ग्लुकोज वापरायला शरीराला थायामिन लागतं. थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठाही संपतो आणि त्याचा मार मेंदूवर बसतो. माणसाला एकाची दोन दिसायला लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ येतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, एखादंच दिसतं आणि घरचे म्हणतात, अशक्तपणाने चक्कर येतेय. वेळेत ओळखलं नाही तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं. यावरचा उपाय स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा आहे: थायामिनचं इंजेक्शन, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. उलट्या होत असताना गोळीने भागत नाही. कॅज्युअल्टीत गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘पोटाला बँड आहे, दोन महिन्यांपासून उलट्या आहेत, सलाईनच्या आधी थायामिन द्या.’ रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही त्याच वेळी बघायला सांगा. ताईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस आज ना उद्या बदलावाच लागेल. पोटात अन्न नसताना जुन्याच डोसने साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा घरी मशीन असेल तर दिवसातून तीन-चार वेळा साखर मोजा आणि डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्या.

हे सांगून झालं, आता बँडकडे येतो.

बँड म्हणजे सिलिकॉनचा पट्टा. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती तो बसवतात, म्हणजे त्याच्या वर जेमतेम 15-20 मिलिलिटरची जठराची एक छोटी पिशवी उरते आणि थोड्याच घासांत भूक भागते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. तो फुगा एका बारीक नळीने त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीला, म्हणजे पोर्टला, जोडलेला असतो. पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरलं की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते, काढून घेतलं की वाट मोकळी होते. ल्युबोमिर कुझमाक यांनी 1986 मध्ये अमेरिकेत असा फुगवता येणारा बँड आणला, तेव्हा पोट उघडून शस्त्रक्रिया करत. 1993 मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीने बसवला आणि तिथून जगभर त्याचा प्रसार झाला. ऑस्ट्रेलियात तर त्या काळात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यतः बँडच होता. ताईंना 2009 मध्ये मेलबर्नला जे सुचवलं गेलं, ते त्या वेळच्या प्रथेला धरूनच होतं. कापाकापी नाही, आतड्याची जोडाजोड नाही, हवा तेव्हा काढता येतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचा धोका बायपासपेक्षा (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा) कितीतरी कमी. हे सगळं तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

अडचण पुढच्या वर्षांत येते. जठर सतत हलतं, आकुंचन पावतं, त्याच्यावर अन्नाचा दाब येतो. पट्टा मात्र आहे तिथेच आवळून बसलेला असतो. त्यामुळे बँडचे त्रास पहिल्या महिन्यात थोडे आणि पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी जास्त दिसतात. म्हणून बँडवाल्या रुग्णाने काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा तरी दाखवायचं असतं. ताईंची ही सात-आठ वर्षं नाहीतर त्याहून जास्त तशीच गेली, यात त्यांचा दोष मी काढणार नाही. नाशिकला आल्यावर बँड कुठे तपासायचा हे त्यांना कोणी सांगितलंच नसेल. महाराष्ट्रात बँड बसवलेले रुग्ण मुळात कमी, आजचे बरेच तरुण सर्जन स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून उरलेलं नळीसारखं करणं) आणि बायपासवरच तयार झालेले आहेत. बॅरिॲट्रिक सर्जनची वेळ घेतानाच फोनवर विचारा, ‘बँड रिकामा करायची सुई तुमच्याकडे आहे का?’

कारण ती सुई साधी चालत नाही. ह्यूबर नावाची, टोकाला वाकवलेली सुई लागते. केमोथेरपीच्या पोर्टसाठी वापरतात तीच, त्यामुळे कॅन्सर विभाग असलेल्या कुठल्याही रुग्णालयात ती मिळते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या पडद्याचा बारीक तुकडा कापला जातो आणि पोर्ट कायमचा गळायला लागतो. रिकामा करण्याचं काम ओपीडीत दहा-पंधरा मिनिटांत होतं, भूल लागत नाही. रुग्णाला उताणं झोपवून मान आणि खांदे किंचित उचलायला सांगतो, म्हणजे पोटाचे स्नायू ताणले जातात आणि पोर्ट बोटाखाली नाण्यासारखा कडक लागतो. तो दोन बोटांत धरून सुई सरळ खाली घालायची. पडदा पार केल्यावर तळाच्या धातूला सुई टेकल्याचं हाताला समजतं. मग सिरिंज ओढायची आणि जेवढं येईल तेवढं काढायचं. बँडच्या प्रकारानुसार आत 4 ते 14 मिलिलिटरपर्यंत द्रव मावतो. काढलेलं किती आणि कसं दिसतं ते लिहून ठेवायला सांगा. नोंदीत 7 मिलिलिटर भरल्याचं असेल आणि 2 च निघाले, तर कुठेतरी गळती आहे. द्रव गढूळ किंवा रंगीत निघाला, तर बँड जठराच्या आत शिरला असण्याची शंका येते. पोर्ट बोटाला लागत नसेल किंवा आत उलटा झाला असेल, तर एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई घालतात. काढून झाल्यावर तिथेच रुग्णाला बसवून हळूहळू घोटभर पाणी प्यायला देतो. दोन महिने एक घोटही नीट न उतरलेल्या माणसाचं पाणी सरळ खाली जातं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पाणी उतरलं म्हणून तपास संपत नाही. वाट का अडली हे शोधायलाच हवं, आणि ताईंची गोष्ट वाचून माझ्या मनात पहिली शंका येते ती बँड घसरल्याची.

घसरणं म्हणजे पट्टा खाली येतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पट्ट्याच्या खालचं जठर पट्ट्यातून वर सरकतं. वारंवार उलट्या, घाईघाईने मोठे घास, बँड गरजेपेक्षा घट्ट असणं, ही त्याची नेहमीची कारणं. वरची पिशवी मोठी होते, एका बाजूला लोंबायला लागते, तिच्यात अन्न साचतं, त्या वजनाने पट्टा आणखी आडवा होतो आणि वाट आणखी अडते. म्हणजे उलटीमुळे घसरतं आणि घसरल्यामुळे उलटी होते. सुरुवातीच्या काळात बँड जठराला अगदी लागून बोगदा करून बसवत, त्यात मागच्या बाजूने घसरण्याचं प्रमाण बरंच होतं. पुढे बोगदा थोडा वरून, पातळ पडद्यातून काढण्याची पद्धत आली, तेव्हा ते पुष्कळ घटलं. 2009 मध्ये ही नवी पद्धत रूढ झालेली होती. तरी पुढच्या बाजूने घसरणं राहिलंच.

घसरलेला बँड ओळखायला बऱ्याचदा पोटाचा साधा उभ्याने काढलेला एक्स-रे पुरतो. बँड एक्स-रेत दिसतो. नीट बसलेला बँड तिरका असतो, त्याचं वरचं टोक रुग्णाच्या डाव्या खांद्याच्या दिशेने. पाठीच्या कण्याशी त्याचा कोन साधारण 4 ते 58 अंशांच्या दरम्यान असतो. आपण त्याच्याकडे कडेने बघत असतो, म्हणून तो जाड रेघेसारखा दिसतो. घसरला की तो आडवा होतो, कधी इतका कलतो की समोरून पूर्ण गोल कडं दिसतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्यावर बरेच महिने दम्याचे उपचार चालू होते, पंप दोन वेळा बदलून झाला होता. सोबत आणलेल्या पिशवीत छातीचे जुने एक्स-रे होते. छातीच्या फिल्मच्या अगदी खालच्या कडेला बँडचं ते गोल कडं प्रत्येक वेळी आलेलं होतं. पण फुप्फुसं बघायला काढलेल्या फिल्ममध्ये पोटाकडे कोण बघणार? बँड रिकामा केल्यावर त्यांचा रात्रीचा खोकला थांबला. तुम्हीही ताईंचे जुने एक्स-रे सोबत न्या, कुठल्याही कारणासाठी काढलेले असोत.

साध्या एक्स-रेनंतर उभ्याने रंगद्रव्य पाजून, ते गिळताना फिल्म काढतात. त्यात वरची पिशवी किती मोठी झालीय ते दिसतं, आणि अन्ननलिकाही दिसते. दुसरी शंका तिचीच. बँड फार घट्ट असेल तर अन्ननलिका वर्षानुवर्षं जोर लावून अन्न ढकलत राहते, मग थकते, सैल पडते, रुंद होते. अशा वेळी रुग्ण पुष्कळदा उलटीची तक्रारच करत नाही, कारण अन्न त्या रुंद नळीत मावतं. त्रास होतो तो रात्री, आडवं झाल्यावर. साचलेलं अन्न श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. बँड रिकामा करून महिना-दीड महिन्याने परत फिल्म काढतात. अन्ननलिका पूर्ववत झाली तर चांगलं. न झाल्यास बँड ठेवण्यात अर्थ नाही. या तपासणीचा निकाल पुढचं ऑपरेशन ठरवताना फार उपयोगी पडतो, म्हणून ती टाळू नका.

घसरण कधी कधी अचानक आणि पूर्ण होते. वर सरकलेला जठराचा भाग पट्ट्यात पिळला जातो, त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत तो भाग काळा पडू शकतो. हे क्वचित घडतं, पण बँडमुळे जीव जाण्याची जी थोडी कारणं आहेत त्यात हे मोठं. वर सांगितलेलं न थांबणारं दुखणं त्याचंच लक्षण. बँड रिकामा करूनही दुखणं तसंच राहिलं, तर वाट बघायची नाही, त्याच रात्री शस्त्रक्रिया करायची. कॅज्युअल्टीत सर्जन येईपर्यंतसुद्धा बँड रिकामा करता येतो आणि तो करावा.

तिसरी शंका, बँड जठराच्या भिंतीतून झिजत आत शिरण्याची. ही गोष्ट गुपचूप होते. भोवती जाड आवरण तयार झालेलं असल्यामुळे पोटात घाण सांडत नाही, रुग्ण आजारी दिसत नाही. फक्त भूक परत पूर्वीसारखी लागते, कितीही सलाईन भरा, बँड काही धरत नाही, वजन चढायला लागतं. किंवा शस्त्रक्रियेला कित्येक वर्षं झाल्यावर एके दिवशी पोर्टच्या जागेवर लाली येते, पू येतो. अशा उशिरा आलेल्या पुवाला नुसतं अँटिबायोटिक देऊन चालत नाही, एंडोस्कोपी करायचीच, कारण जंतू नळीवरून जठरातून आलेले असू शकतात. एंडोस्कोपीत जठर आतून बघताना कॅमेरा वळवून मागे पाहिलं, की पांढऱ्या सिलिकॉनची कड दिसते. असा बँड काढावाच लागतो. पट्ट्याचा अर्ध्याहून जास्त भाग आणि त्याची कडी (बक्कल) आत आलेली असेल, तर काही ठिकाणी तो तारेने कापून तोंडावाटे काढतात. नाहीतर दुर्बिणीने पोटातून. ताईंचं वजन 2016 नंतर चढत गेलंय, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही शक्यताही बघावी. शिवाय वय 52 आणि गिळायला त्रास, एवढ्यावरूनच एंडोस्कोपी व्हायला हवी. बँड असलेल्यांना अन्ननलिकेचे इतर आजार होत नाहीत असं थोडंच आहे? ताई गुडघ्यांसाठी दुखण्यावरच्या गोळ्या घेत असतील तर त्या गोळ्या आजपासून बंद ठेवा, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही सर्जनला सांगा.

पोर्ट आणि नळीचे त्रास जास्त आढळतात, पण जिवावरचे नसतात. पोर्ट उलटा होतो, नळी निसटते, तडकते. बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने काम होतं. क्वचित पोटातल्या नळीभोवती आतड्याला वेढा पडून ते अडतं. पोट फुगणं आणि गॅस न सरणं हे सोबत असेल तर सीटी स्कॅन करतात.

हे सगळं किती जणांना होतं? आकडे केंद्रागणिक वेगळे आहेत आणि दोन्ही बाजूंचे सांगणं न्याय्य होईल. मेलबर्नच्या पॉल ओब्रायन यांच्या गटाने 3,227 रुग्णांचा अनुभव 2013 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे बँड जठरात शिरण्याचं प्रमाण 3.4 टक्के आणि बँड काढावा लागण्याचं 5.6 टक्के होतं. पण वरची पिशवी मोठी झाली म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले 26 टक्के आणि पोर्ट-नळीसाठी लागलेले 21 टक्के होते. तिथे बँडवाल्यांचा पाठपुरावा अतिशय काटेकोर असतो. ब्रुसेल्समधल्या जॅक हिम्पेन्स यांनी 1994 ते 1997 मध्ये बँड बसवलेल्या 151 रुग्णांना 12 वर्षांनंतर शोधलं, 82 सापडले. त्यांच्यापैकी 39 टक्के जणांना मोठी गुंतागुंत झाली होती, 28 टक्के जणांच्या जठरात बँड शिरला होता, आणि जवळपास निम्म्यांचा बँड काढून टाकलेला होता. ते जुन्या पद्धतीचे बँड होते हे लक्षात घ्या. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याखालच्या 25,042 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 18.5 टक्के जणांना बँडमुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागली होती, आणि अशांना एकेकाला सरासरी जवळपास चार वेळा. याचा परिणाम काय झाला ते उघड आहे. 2008 च्या सुमाराला जगातल्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांपैकी 40 टक्क्यांच्या वर बँड होते. 2018 मध्ये अमेरिकेत ते प्रमाण सुमारे एक टक्का उरलं.

आता तुमचे पुढचे प्रश्न. बँड काढावा का? रिकामा केल्यावर त्रास थांबला, फिल्मवर बँड जागेवर दिसला, अन्ननलिका नीट असली, एंडोस्कोपी स्वच्छ आली, तर लगेच काढायची गरज नाही. रिकामा बँड काही आठवडे ठेवून परत बघता येतं. घसरण थोडी असेल तर काही वेळा रिकामा केल्यावर ती आपोआप सुधारते. पण मोठी घसरण, आत शिरलेला बँड, न सुधारणारी अन्ननलिका, यातलं काहीही असलं तर काढायचा. घसरलेला बँड पुन्हा जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास करत. मी ती सुचवत नाही. इतक्या वर्षांनी एकदा घसरलेला बँड पुन्हा घसरण्याची भीती मोठी, आणि तपासायला जवळपास माणूस नाही. काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने होते, बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. सर्जनला एक गोष्ट आवर्जून विचारा: पट्ट्याखाली जमलेलं घट्ट आवरण तुम्ही कापता का? पट्टा काढून ते कडक आवरण तसंच ठेवलं, तर वाट अरुंदच राहते आणि रुग्ण म्हणतो, बँड काढला तरी गिळता येत नाही.

काढल्यावर वजन वाढेल का? बहुतेकांचं वाढतं. हे ताईंना आधीच सांगा. त्यांनी मनाचा हिय्या करून 31 किलो कमी केले होते, आणि नंतर ते वाढले याची लाज त्या मनात धरून असतील. माझ्या ओपीडीत अशा कितीतरी बाया खाली मान घालून बसतात. तीव्र लठ्ठपणा हा आयुष्यभराचा आजार आहे, बीपी-मधुमेहासारखाच. औषध बंद केल्यावर बीपी चढला तर आपण कोणाला दोष देत नाही. शिवाय घट्ट बँडमध्ये भाकरी-भाजी अडकते आणि चहा-बिस्किटं, आइस्क्रीम, श्रीखंड सरळ उतरतं. माणूस उतरेल ते खातो. वजन त्याने चढतं, आणि नातेवाईक म्हणतात जिभेवर ताबा नाही.

दुसरं ऑपरेशन करता येतं. स्लीव्ह की बायपास, हे फिल्म आणि एंडोस्कोपी बघून ठरवावं. ताईंना आंबट पाण्याचा आणि रात्रीच्या ठसक्याचा त्रास आहे. स्लीव्हमध्ये तो त्रास वाढू शकतो. म्हणून अन्ननलिका सैल असेल किंवा बँड काढूनही आंबट पाणी येत राहिलं, तर मी बायपासकडे झुकेन. मधुमेहासाठीही बायपास बरा. घाई मात्र करू नका. बँड काढताना त्याच वेळी दुसरं ऑपरेशन उरकण्याचा आग्रह खर्चामुळे पुष्कळ जण धरतात. बँडच्या जागी जठर सुजलेलं, जाड झालेलं असतं, तिथे स्टेपलर मारला तर टाके गळण्याचा धोका वाढतो. बँड आत शिरलेला असेल किंवा मोठी घसरण असेल, तर आधी काढा, तीन महिने किंवा थोडे जास्त जाऊ द्या, मग दुसरं करा. त्या मधल्या काळात आहारतज्ज्ञांकडे दाखवा, बी-12, डी, लोह यांची कमतरता भरून काढा. वजनासाठीच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारू शकता, पण अन्ननलिका आणि उलट्या पूर्ण ठीक होईपर्यंत ती सुरू करू नयेत, कारण मळमळ हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे.

विमा असेल तर अर्ज भरताना डॉक्टरांकडून कारण नीट लिहून घ्या. घसरलेला किंवा जठरात शिरलेला बँड काढणं हा गुंतागुंतीचा उपचार आहे, तो वजन कमी करण्याच्या नावाखाली गेला की कंपनी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, विचारत बसते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला साधारणपणे बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, अशी अट पॉलिसींत असते. नंतरच्या बायपाससाठी ती लागू होईल.

सर्जनकडे जाईपर्यंत ताईंनी फक्त पातळ पदार्थ घोट-घोट घ्यावेत: ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी साखर बघून. ‘घास पाण्याबरोबर ढकल’ असं घरात कोणी सुचवू नये. झोपताना पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटा लावून उचला, झोपण्याआधी तीन तास काही देऊ नका. कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, अगदी एंडोस्कोपीच्या झोपेच्या इंजेक्शनसाठीसुद्धा, तर भूलतज्ज्ञांना बँडबद्दल आणि रात्रीच्या ठसक्याबद्दल आधी सांगा. आठ तास उपाशी असूनही अशा रुग्णाच्या अन्ननलिकेत कालचं अन्न सापडतं, आणि भूल चढताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आणि आज संध्याकाळी मेलबर्नच्या त्या रुग्णालयाला ईमेल पाठवा. शस्त्रक्रियेची तारीख, बँडचा प्रकार, आकार आणि शेवटची किती मिलिलिटर भरल्याची नोंद, एवढं मागवा. ताईंना त्या वेळी बँडचं एक छोटं कार्ड दिलेलं असण्याची शक्यता आहे, जुन्या पासपोर्टच्या फायलीत शोधा. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी बँड रिकामा करायचं अडत नाही.